टायपिंगचे सर आणि सत्तावीस डोकी

त्या क्लासात मला नाव नव्हतं. मी सेमीकोलन होते.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत एका सायकलच्या दुकानावर, लाकडी जिन्यानं वर गेलं की लांबट खोली लागायची. टायपिंगची मशिनं दोन ओळींत मांडलेली आणि मधल्या वाटेनं सर फेऱ्या मारत असलेले. नवीन विद्यार्थी आला की सर त्याचा फॉर्म न वाचताच खणात टाकायचे आणि त्याला मशीनवरचं एक अक्षर द्यायचे. एका तुकडीत सव्वीस मुलं, सव्वीस अक्षरं, की तुकडी बंद. मी नेसरीहून आले ती आठ दिवस उशिरा. सरांनी माझ्याकडं बघितलं, मग मशीनकडं बघितलं.

"अक्षरं संपली की गं," ते म्हणाले. "पर उजव्या करंगळीखाली एक जागा मोकळी हाय. सेमीकोलन. चालंल?"

मी "चालंल" म्हटलं. सेमीकोलन कशाला म्हणतात हे तेव्हा मला धड माहीतही नव्हतं. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. बारावी झाल्यावर गावात बसून राहण्यापेक्षा टायपिंग शिकली तर कुठंतरी चिकटेल, एवढ्याच हिशेबानं बाबांनी मला कोल्हापूरला मावशीकडं ठेवलं होतं.

हजेरीही मशीनच्या क्रमानं व्हायची. ए, एस, डी, एफ, जी, एच, जे, के, एल, सेमीकोलन. मग वरची ओळ, मग खालची. प्रत्येकानं "हाय सर" म्हणायचं. त्यानं बोटांना जागा पाठ होतात, असं सरांचं म्हणणं. त्यामुळं वर्षभर शेजारी बसूनही आम्हाला एकमेकांची खरी नावं उशिराच कळली. सरांचं तर कळलंच नाही. पाटीवर क्लासचं नाव होतं, सरांचं नव्हतं. जिन्याखालचा सायकलवालासुद्धा त्यांना सरच म्हणायचा.

उंच, काटकुळा माणूस. पांढरा फुल शर्ट मनगटापर्यंत बटणं लावलेला, काळी पँट, पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट आणि गळ्यात शिट्टी. स्पीडची चाचणी सुरू करायला आणि थांबवायला ती लागायचीच, पण सर ती बाजारात भाजी घेतानाही गळ्यात ठेवत, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आवाज खणखणीत. हळू बोलणं त्यांना जमायचं नाही. कानात सांगायची गोष्टही खालच्या रस्त्यावर ऐकू जायची.

मशीनकडं बघून टाइप केलेलं त्यांना खपायचं नाही. आमच्या हातांवर ते टॉवेल टाकायचे. "बोटास्नी डोळं असत्यात. तुम्ही बघाय लागला की ती झोपत्यात," असं म्हणत मागून फिरायचे. चूक झाली की कागद ओढून घ्यायचे आणि सगळ्यांना वाचून दाखवायचे. एकदा शिरोळच्या एका मुलानं अर्जाची सुरुवात 'डिअर सर' करण्याऐवजी 'डेड सर' अशी केली. हा मुलगा आमच्यातला क्यू. आडदांड, उसाच्या मळ्यात वाढलेला, बोटं केळ्यांसारखी. सरांनी तो कागद उजेडाला धरला, दोनदा वाचला आणि म्हणाले, "मर्दा, मी अजून जित्ता हाय. अर्ज जरा दमानं कर." वर तो कागद त्यांनी भिंतीवर चिकटवला, आणि कुणी पाहुणा आला की कौतुकानं दाखवायचे.

मशिनांवर त्यांचा भारी जीव. जनावरांच्या डॉक्टरकडून आणलेल्या मोठ्या इंजेक्शननं ते दर शनिवारी एकेका मशीनला तेल घालायचे. परीक्षेच्या केंद्रावर मशिनं क्लासनंच पोचवायची असत. ती हातगाडीवर लादली की सर गाडीबरोबर चालत जायचे, एक हात मशिनांवर ठेवून, दवाखान्यात नेत असलेल्या माणसाच्या अंगावर ठेवावा तसा. खड्डा आला की गाडीवाल्याला नाही, मशिनांनाच सांगायचे, "आलं हां, आलं केंद्र."

परीक्षा झाली की सर अख्ख्या तुकडीला एक दिवस समुद्रावर न्यायचे. रत्नागिरीला, भाट्याच्या किनाऱ्यावर. दरवर्षी तिथंच. आणि निकाल लागायच्या आधीच. "निकालानंतर न्हेलं तर निम्मी रडत्यात, निम्मी नाचत्यात. समुद्राकडं बघतंय कोण?" असा त्यांचा युक्तिवाद.

मुलींच्या घरी ते स्वतः विचारायला जात. चिठ्ठी चालत नसे. आमच्या तुकडीत मुली नऊ, म्हणजे नऊ घरं. आमच्याकडं नेसरीला ते गडहिंग्लजहून एसटी बदलून आले. मी गावीच होते. सर येणार म्हटल्यावर मी चार वेळा दाराशी जाऊन आले. माझ्या शाळेतले एक गुरुजी पूर्वी असेच घरी आले होते. भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोकडं एक नजर टाकून, घाईत आहे म्हणत, अंगणातूनच परत गेले होते. आईनं भरलेला तांब्या तसाच राहिला होता.

सर दारात आले. खणखणीत आवाजात "जय भीम" म्हणाले. मग खाली बसून निवांत बुटाच्या नाड्या सोडायला लागले. "आदी पाणी द्या," ते म्हणाले. "एसटीत घसा पार वाळून गेलाय. मग बोलू." तांब्या संपवला आणि अजून एक मागितला. आईनं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं, कारण माझे डोळे भरले होते.

बाबा गवंडीकाम करायचे. मोजून मापून बोलणारा माणूस. ते म्हणाले, "सर, पोरीला पव्हाय येत न्हाई."

"मलाबी येत न्हाई," सर म्हणाले.

बाबा पुढं सरकून बसले. "मग हिला काय झालं तर?"

"त्यासाठीच तर. ज्याला पव्हाय येतं, त्यो पोरास्नी खोल न्हेतो. माझ्यासंगं गुडघ्याच्या वर कोणच जाईत न्हाई. मीबी न्हाई. अकरा वर्सं न्हेतोय. जेवढी न्हेली तेवढी आणली."

बाबांना हे पटलं. गवंड्याला पटावं असंच ते होतं. "तुमच्या शब्दावर सोडतो बगा," ते म्हणाले.

निघालो तेव्हा उजाडलंही नव्हतं. जोतिबाचा डोंगर उजव्या हाताला काळा दिसत होता. निम्म्या बसनं हात जोडले आणि निम्मी बस परत झोपली. आंबा घाट उतरलो तशी हवा जड झाली. सरांनी तेवढ्यात तीनदा हजेरी घेतली होती. चालत्या बसमधून कोण कुठं जाणार, असं क्यूनं विचारलं. "तुझ्यासारखा एखादा खिडकीतनं पडंल आन कुणाला कळणारबी न्हाई," सर म्हणाले.

मी समुद्र पहिल्यांदा बघितला तो सुरूच्या झाडांमधून. आधी नुसता आवाज आला. मग झाडं संपली आणि पुढं काहीच नव्हतं. डोळ्याला अडवायला काही नाही, असं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. माझे पाय जागीच थांबले. मागून क्यू ओरडत गेला, त्याच्या मागून बाकीचे, आणि मग माझ्याही पायांनी माझं ऐकलं नाही.

सुट्टीचा दिवस होता. किनारा माणसांनी फुलला होता. घोडागाडी, शहाळी, भेळ, दोन-तीन शाळांच्या सहली. त्या सगळ्यात आमचे सर वाळूत छत्री उघडून उभे, बूट-मोजे घालून, शर्टाची बटणं मनगटापर्यंत लावून. दर दहा मिनिटांनी शिट्टी फुंकायची आणि हजेरी घ्यायची. "ए! एस! डी!" समुद्राच्या वरताण आवाज. आम्ही पाण्यातून "हाय सर!" ओरडायचो. आजूबाजूची माणसं वळून बघायची. एक लहान मूल हौसेनं "बी!" म्हणालं, तर सर त्याला म्हणाले, "तुझा नंबर खालच्या ओळीत, थांब जरा."

क्यूला गुडघाभर पाणी म्हणजे अपमान वाटत होता. "सर, आमच्या शिरोळात मी पुरात म्हशीचं शेपूट धरून पव्हलोय."

"हितं म्हस न्हाई. मागं सर."

दुपारी सुरूच्या सावलीत जेवलो. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि कुणाच्या तरी घरून आलेला दहीभात. जेवताना मी सरांच्या बुटांकडं बघितलं. कोरडे खडखडीत. अकरा वर्षं हा माणूस समुद्रावर येत होता आणि त्याला एकदाही समुद्राचं पाणी लागलं नसावं. मला ते एकदम सहन झालं नाही. एरवी मी क्लासात विचारल्याशिवाय बोलत नसे, पण त्या दिवशी बोलून गेले, "सर, तुम्ही जावा पाण्यात. हजेरी मी घेते."

क्यूनं पहिली टाळी वाजवली. मग सगळ्यांनी एकच गिल्ला केला. "जावा सर! जावा!"

"येडी का खुळी?" सर माझ्यावर खेकसले. "तुझ्या बाला शब्द मी दिलाय. तू न्हाई."

"मग मी तुम्हाला शब्द देते. दर दहा मिनिटाला हजेरी. कोणी गुडघ्याच्या वर जाणार नाही. क्यूसुद्धा."

सरांनी एकदा सगळी डोकी मोजली. मग गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात ठेवली. शर्ट काढला, घडी घातली. बूट काढले, मोजे गुंडाळून एका बुटात ठेवले, घड्याळ दुसऱ्यात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. बनियनवर ते कुणीतरी दुसरेच दिसत होते. हात उन्हानं रापलेले, फक्त मनगटापर्यंत, वरचे दंड लहान मुलासारखे पांढरे. "पाच मिनटात आलो," म्हणाले आणि पाण्याकडं चालायला लागले. पहिली लाट पायावर आली तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर केले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग मी हजेरी घ्यायला लागले.

सांगते, मला ते फार आवडलं. शिट्टी फुंकली की सव्वीस माणसं माझ्याकडं वळून बघत होती. मी ओळीनं अक्षरं पुकारत होते आणि माझा आवाज मलाच नवा वाटत होता. क्यू एकदा मांडीभर पाण्यात गेला तर मी त्याला अशी काही हाक मारली की तो धावत मागं आला. दर दहा मिनिटांनी, सरांच्या घड्याळात बघून. ए पासून खालच्या ओळीतल्या शेवटच्या एम पर्यंत. एकही चुकली नाही.

चार वाजता सगळ्यांना बाहेर काढलं. शेवटची हजेरी घेतली. सव्वीस आणि मी, सत्तावीस. मी क्यूला म्हटलं, "सरांना सांग, सगळे आहेत."

क्यूनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "सर कुठं हायत?"

सरांना अक्षरच नव्हतं. मी दीड तास सगळ्यांना मोजत होते आणि त्यांना एकदाही मोजलं नव्हतं.

पाणी वर आलं होतं. दुपारी बूट पाण्यापासून वीस-पंचवीस पावलांवर होते, आता लाट त्यांना चाटायला आली होती. मी बूट आणि शर्ट उचलून मागं ठेवले. सगळे "सर! सर!" ओरडायला लागले, तर शाळांच्या सहलीबरोबर आलेले चार गुरुजी वळून आमच्याकडं बघायला लागले. त्यांच्यातल्या एकानं जवळ येऊन विचारलं, "नाव काय तुमच्या सरांचं? नावानं हाक मारा ना."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. सत्तावीस जणांत एकालाही माहीत नव्हतं.

शहाळेवाला म्हणाला, "उंच, बनियनवर होते ते? पाण्यात जाताना बघितला मी. परत येताना नाय बघितला."

बाबांच्या समोर बसून सर काय म्हणाले होते, ते मला शब्दन् शब्द आठवलं. मलाबी येत न्हाई.

क्यूनं शर्ट काढला आणि तो पाण्याकडं धावला. मी शिट्टी फुंकली. इतक्या जोरात की मलाच कानठळ्या बसल्या. "एकानंही पाण्यात जायचं नाही!" मी ओरडले. "क्यू, मागं हो!" तो थांबला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. "अगं, सर हायत आत," तो म्हणाला. "आत असतील तर तू एकटा काय करणार? मला अजून एक माणूस हरवायचा नाही," मी म्हटलं. हे मीच बोलत होते का, मला कळत नव्हतं.

मी चौघांना खाडीच्या बाजूला पाठवलं आणि चौघांना दुसऱ्या टोकाच्या खडकांकडं. जोडीजोडीनं, वाळूवरून, एकमेकांचा हात न सोडता. एकाला ड्रायव्हरला उठवायला. ड्रायव्हर डोळे चोळत आला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "अर्धा तास बघू. मग पोलिसांत जायचं."

राहिलेल्यांना मी वाळूत बसवलं. मी मात्र बसले नाही. सरांचे बूट हातात धरून उभी राहिले. बुटात घड्याळ टिकटिकत होतं. माझ्या मनात काय काय येत होतं ते सांगता येणार नाही. कुणाला कळवायचं? सरांच्या घरी कोण असतं? बायको? आई? वर्षभर रोज दोन तास या माणसासमोर बसले आणि त्याच्या घरात चूल कोण पेटवतं हेही मला ठाऊक नव्हतं. आणि पाण्यात त्यांना मी पाठवलं होतं. ते जात नव्हते. मीच म्हटलं, जावा.

पाणी पुन्हा वर आलं. मी दोन पावलं मागं झाले. समुद्र सकाळसारखाच होता, तेवढाच मोठा, तेवढाच चकचकीत, आणि मला त्याच्याकडं बघवत नव्हतं.

मग खाडीच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला. लांबून चारपाच जण धावत येत होते, हात हलवत. रडतायत की हसतायत, कळेना. मी डोळे बारीक केले आणि मोजलं. एक, दोन, तीन, चार. आणि मधे पाचवा, उंच, बनियनवर.

बूट हातात तसेच धरून मी धावले.

सर धापा टाकत होते. दुमडलेली पँट ओली, हातात निळ्या दोऱ्याचा गुंता. माझ्याजवळ पोचताच पहिलं वाक्य: "समदी हायत न्हवं? सत्तावीस?"

"सत्तावीस हायत!" मी किंचाळले. माझ्या तोंडून निव्वळ नेसरीची भाषा बाहेर पडली. "तुम्ही न्हवतासा! कुठं गेलतासा? पाच मिनटं म्हटलासा आणि दोन तास झाले! पव्हाय येत न्हाई आणि न सांगता जातासा? आम्ही काय समजायचं? मी तुमच्या घरी जाऊन काय सांगायचं होतं?" आणि मग मी रडायला लागले, भोकाड पसरून, सगळ्या किनाऱ्यासमोर.

सर मान खाली घालून उभे होते. 'डेड सर' लिहिणाऱ्या क्यूसमोरही ज्या माणसाचा आवाज कधी खाली आला नव्हता, तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मला हुडकत हुता व्हय तुम्ही?"

त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. त्याचं मला जास्त रडू आलं.

झालं असं होतं की पाण्याच्या कडेकडेनं चालत सर खाडीच्या तोंडापर्यंत गेले. तिथं वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावलीत एक म्हातारी बाई फाटलेलं जाळं विणत बसली होती. बांबूची सपाट सुई, निळा दोरा, आणि तिची नजर समुद्राकडं. "दहाबी बोटं चालत्यात तिची," सर सांगू लागले तसा त्यांचा आवाज परत चढायला लागला. "आन येकदा खाली बगत न्हाई! येकदाबी! मी म्हटलं, आजी, टॉवेल टाकू का हातावर? म्हणाली, टाक की. तिच्याच खांद्यावरचा टाकला! बाईनं चार घरं इणली टॉवेलाखाली. एक चूक न्हाई! मी म्हटलं, मला शिकवा." घड्याळ बुटात होतं. सरांना वाटलं, वीसेक मिनिटं झाली असतील.

"बूट घाला," मी डोळे पुसत म्हटलं.

त्यांनी निमूट वाळूत बसून बूट घातले. क्यू अजून हुंदके देत होता. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "खुळा का काय? जित्ता हाय की." तेव्हा कुठं आम्ही हसलो. एकदा हसायला लागलो ते थांबेचना. ड्रायव्हर हसला, शहाळेवाला हसला. त्यानं आपण होऊन सरांच्या हातात एक शहाळं दिलं. सुरूच्या झाडांतून बसकडं जाताना वारा सुटला होता आणि माझं अंग इतकं हलकं झालं होतं की पाय जमिनीला लागतायत की नाही, कळत नव्हतं. साखरपा यायच्या आत सर बसमध्ये गाढ झोपले, तोंड उघडं टाकून. त्या तुकडीत त्यांना झोपलेलं कुणी बघितलं नव्हतं. आम्ही सगळे हळू आवाजात बोलत होतो.

मी पहिल्याच परीक्षेला पास झाले. क्यू दुसऱ्या खेपेला. पुढं मला सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि दोन हजार सालानंतर आमच्या टेबलांवर कॉम्प्युटर आले. सरांनीही क्लासात एक आणला, पण त्याच्या की-बोर्डावर टॉवेल आणि पडद्यावर दुसरा टॉवेल. अशानं मुलं किती टिकणार? काही वर्षांत क्लास बंद झाला आणि सर जोतिबाच्या पायथ्याला बहिणीकडं राहायला गेले, असं ऐकलं. एकदा ते कसल्याशा दाखल्यासाठी आमच्या कचेरीत आले आणि नेमके माझ्याच टेबलासमोरच्या रांगेत उभे राहिले. नंबर आला तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. माझ्या हातांकडं बघून म्हणाले, "उजवी करंगळी अजून उचलत न्हाईस, सेमीकोलन." अर्जावर त्यांचं नाव मी पहिल्यांदा वाचलं. साधं, चारचौघांसारखं नाव होतं. त्यांना अजिबात शोभत नव्हतं.

पण मला सर डोळ्यांसमोर येतात ते त्या सहलीनंतरच्या रविवारचे. मी नेसरीला आले होते. घरी मी काहीच सांगितलं नव्हतं. समुद्र मोठा होता, पाणी खारट होतं, एवढंच. दुपारी अंगणात बाबा ओळंब्याची दोरी सोडवत बसले होते आणि सर दारात उभे. न कळवता. बाबा दचकून उठले. "काय झालं, सर?"

"चूक झाली," सर उभ्याउभ्याच म्हणाले. "तुमास्नी सांगायला आलो." आणि त्यांनी सगळं सांगितलं. एक गोष्ट गाळली नाही. "तुमच्या पोरीनं सव्वीस डोकी संभाळली. हरवलो त्यो मी. शब्द तिनं पाळला, मी न्हाई पाळला."

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं. आता पुढच्या कोर्सला कोल्हापूर बंद, असं मी मनात धरून बसले. बाबांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. माझे मोजून मापून बोलणारे बाबा भिंतीला हात लावून हसत होते. "सर हरवला," ते कसंबसं म्हणाले. "पोरं ऱ्हायली आणि सर हरवला!" आई आतून धावत आली. सरही हसायला लागले, आधी जरा भीत, मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

हसू ओसरल्यावर बाबांनी विचारलं, "पर सर, भ्या वाटलं न्हाई व्हय पाण्यात?"

"वाटलं की," सर म्हणाले. "लाट येती त्याचं काय न्हाई. परत जाती तवा खरं. टाचेखालची वाळू वढून न्हेती वो. सर्रकन. वाटतं, आता पडलोच. आन माणूस पडत न्हाई. हुबाच ऱ्हातो." त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि आमच्या शेणानं सारवलेल्या अंगणात पाय रोवून उभे राहिले. "असं."

बाबांनी ओळंबा खाली ठेवला. त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "असं?"

"टाच जरा सैल सोडा. हां. आता बगा."

दोघं शेजारी शेजारी, अनवाणी, समोरच्या कुंपणाकडं डोळे लावून उभे. आईनं पदर तोंडाला लावला आणि हळूच मला विचारलं, "काय गं चाललंय ह्यांचं?"

मी म्हटलं, "थांब, आई. लाट यायची हाय."